हजेरीपटावरून मान वर करताना

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन आठवडा झाला, परंतु सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपल्याशिवाय उत्तर लिहायला बसायचे नाही असे ठरवले होते, म्हणून हा विलंब. आठवीचा वर्ग तुझ्याकडे आल्यापासून मुले उठून नमस्कार करतात, सांगितले तेवढे वहीत उतरवतात, पण तुझ्याशी मोकळेपणाने एक शब्द बोलत नाहीत, ही तुझी खंत वाचली. ‘मुलांची मने कशी जिंकावीत?’ असे तू विचारले आहेस. यातला ‘जिंकणे’ हा शब्द मला जरा खटकला; आपण काही गड सर करायला निघालेलो नाही. मला जे थोडेफार उमगले ते हजेरी घेण्यासारख्या रोजच्या, कंटाळवाण्या कामातून उमगले, आणि तेही एक मोठी चूक केल्यानंतर.

तेव्हा माझ्या वर्गात ५४ मुले होती. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, हे तुलाही ठाऊक आहे. कायद्यातला आकडा आणि बाकावरची दाटी यांचा मेळ कुठे बसतो! मी हजेरीपटात मान खुपसून दोन मिनिटांत सगळी नावे उरकत असे. एक मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा गैरहजर राहू लागला, आला तरी दुसऱ्या तासाला पेंगू लागला. एके दिवशी मी त्याला भर वर्गात उभे केले आणि ‘शाळा म्हणजे धर्मशाळा वाटली काय?’ असे विचारले. मुले हसली. तो खाली बघत उभा राहिला आणि मी, शिस्त लावल्याच्या समाधानात, फळ्याकडे वळलो.

मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने मला गाठून सांगितले, ‘सर, तो पहाटे कळमन्याला जातो.’ कळमन्याच्या घाऊक बाजारात आंबिया बहाराची संत्री येण्याचे ते दिवस होते. वडील हमाली करत, त्यांची कंबर धरली होती, म्हणून हा पोरगा पहाटेपासून संत्र्यांची प्रतवारी करायला जाई आणि तिथून थेट शाळेत येई. कधी कधी येतच नसे.

माझा प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. गैरहजेरीची चौकशी करणे हे वर्गशिक्षकाचे कामच आहे. पण ती चौकशी मी ५३ जणांपुढे केली आणि उत्तर ऐकण्यासाठी केलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी सर्वांसमोरच त्याची माफी मागितली, कारण अपमान सर्वांसमोर झाला होता. त्यानंतर तो लगेच माझ्याशी बोलू लागला असे समजू नकोस. तीन आठवडे तो मला टाळत राहिला. मग एका दुपारी बुडालेल्या गणिताच्या तासांची वही घेऊन आला आणि फक्त एवढेच म्हणाला, ‘हे समजलं नाही.’ त्याच्या घरी जाऊन आईवडिलांशी दोनदा बोललो तेव्हा पहाटेच्या फेऱ्या कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत.

तेव्हापासून मी हजेरी सावकाश घेतो. नाव उच्चारले की त्या मुलाकडे पाहतो. सहा-सात मिनिटे जातात, त्याबद्दल मुख्याध्यापकांचे एकदा ऐकूनही घेतले आहे. पण कोणाचा आवाज बसला आहे, कोण काल रडून आले आहे, कोणी जागा बदलली आहे, हे त्या मिनिटांत कळते. पाच दिवसांनी आलेल्या मुलाला मी ‘कुठे होतास?’ असे न विचारता ‘बरा आहेस ना?’ असे विचारतो. बाकीचे एकट्यात.

स्टाफरूममध्ये तुला आतापर्यंत कोण ‘ढ’ आणि कोण ‘वाया गेलेला’ याची यादी ऐकवून झाली असेलच. ती विसर. अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता: काही मुले यंदा विशेष प्रगती करतील असे शिक्षकांना सांगितले, प्रत्यक्षात ती नावे नुसती चिठ्ठ्या उचलाव्यात तशी निवडलेली होती, तरी खालच्या इयत्तांत त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली. पुढे त्या निष्कर्षांवर बरेच वाद झाले आणि तो परिणाम वाटला तेवढा मोठा नसावा, असे अनेकांचे मत पडले. पण आपली नजर मुलांना कळते, यासाठी मला तरी प्रयोगाची गरज नाही. वहीवर ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मारण्याऐवजी ‘रीत बरोबर, तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकले’ असे लिहून पाहा. मूल तेवढी एक ओळ दोनदा वाचते.

माया म्हणजे ढिलाई नव्हे, हे तुला सांगायला नको. छडी शिक्षण हक्क कायद्याने गेली हे उत्तम झाले. त्याच कायद्याच्या १७व्या कलमाने मानसिक छळालाही मनाई आहे, आणि माझे ते ‘धर्मशाळा’वाले वाक्य त्यातच मोडते, असे आता वाटते.

एक सावधगिरी मात्र बाळग. मुले बोलू लागली की एखादे मूल म्हणेल, ‘सर, कोणाला सांगणार नसाल तर सांगतो.’ तसे वचन देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. आणि दिलेले वचन मोडले, तर त्या मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. ‘तुझ्या भल्यासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारेन,’ असे मी म्हणतो. संकटातल्या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक माझ्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला आहे.

तुझ्या पत्रात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीचा उल्लेख दोनदा आला आहे: ती डबा उघडत नाही आणि खिडकीबाहेर पाहत बसते. तू तिच्याबद्दल मला एवढे सविस्तर लिहिलेस, पण तिला काही विचारलेस का, हे कुठेच लिहिले नाहीस. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी विचार, आणि ती काय म्हणाली ते कळव. काहीच बोलली नाही, तर तेही कळव.

तुझा मित्र