वॉरंटीत इंजिन बदलले, तरी प्रश्न विचारा

महोदय,

वॉरंटीत इंजिन बदलून मिळाले की गाडीमालक चावी घेऊन थेट घर गाठतो. खिशातून पैसे गेले नाहीत, मग विचारायचे काय, असे त्याला वाटते. पण चार गोष्टी गाडी ताब्यात घेण्याआधीच विचारायला हव्यात. एकदा सही करून गाडी बाहेर आली की त्याच उत्तरांसाठी हेलपाटे सुरू होतात.

पहिला प्रश्न, जुने इंजिन गेले कशाने? ‘सीझ झाले’, म्हणजे जाम झाले, हे उत्तर नव्हे, तो परिणाम झाला. रेडिएटर तुंबला होता, थर्मोस्टॅट अडकला होता, वॉटर पंप गळत होता की ऑइलचा दाब पडून बेअरिंग गेले, ते जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, लिहून घ्या. सोलापूरचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उन्हात एसी लावून पुणे रोडला गाडी पळवायची आणि रेडिएटर जुनाच, अर्धा तुंबलेला. मग नव्या इंजिनाचेही हेड गॅस्केट उडायला वेळ लागत नाही.

मग विचारा, फुल इंजिन बसवले की हाफ? हाफ म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, कनेक्टिंग रॉड नवे, पण ब्लॉकवर बसणारे हेड जुनेच. फुल असले तरी टर्बो, इंजेक्टर, डिझेल पंप, अल्टरनेटर बहुधा जुन्यावरचेच काढून चढवतात. त्यात गैर नाही, पण कोणता भाग जुना याची यादी हवी. बेअरिंग गेलेल्या इंजिनात धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतले, ऑइल बोटावर घेऊन उन्हात धरले तर चंदेरी चमक दिसते. तोच चुरा ऑइल कूलरच्या बारीक कप्प्यांत अडकतो. तिथून तो धुऊन पूर्ण निघत नाही, पुढे सुटतो आणि नव्या बेअरिंगवर ओरखडे पाडतो. म्हणून अशा वेळी कूलर नवाच मागा, टर्बोचा ऑइल पाइपही. टर्बो फुटून इंजिन गेले असेल तर टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर उतरवून साफ केला का, तेही विचारा. डिझेल गाडीचे इंजेक्टर नवे असतील तर त्यांचे कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावे लागतात. ते राहिले की आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, इंजिन थरथरते, धूर येतो.

क्लच प्लेट वॉरंटीत सहसा बसत नाही. पण ती झिजलेली असेल तर स्वतःच्या पैशाने का होईना, याच वेळी बदलावी. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, मजुरी वाचते.

बिल शून्य रुपयांचे असले तरी पार्ट नंबरसह घ्या. नव्या इंजिनाला नवी वॉरंटी मिळते, हा समज सर्रास आहे. बहुतेक कंपन्यांच्या अटींत मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू राहते. ती दोन महिन्यांत संपणार असेल तर इंजिनाचीही तेव्हाच संपते. मुदतीची तारीख आणि किलोमीटर लेखी मागा.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते इंजिन नंबराकडे. नंबर बदलला की आरसी बुकातला नंबर खोटा ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची खबर १४ दिवसांत आरटीओला द्यावी लागते. एमएच-१३ च्या गाडीची सोलापुरात, एमएच-४५ ची अकलूजला. त्यासाठी जुना आणि नवा, दोन्ही नंबर लिहिलेले डीलरचे पत्र हवे. ब्लॉकवरचा नंबर कागदावर पेन्सिलने उतरवून पत्राशी ताडून पाहा. मग विमा कंपनीकडेही पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. नाहीतर अपघातानंतर सर्व्हेअर नंबर तपासतो आणि क्लेम अडकतो.

डिलिव्हरीच्या दिवशी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून मोहोळपर्यंत जाऊन या. परतल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, कूलंटची पातळी आणि ऑइलची डिपस्टिक पाहा. सिस्टिममध्ये अडकलेली हवा निघाली की कूलंट थोडे उतरते, ते भरून घ्यावे. पण रोज उतरत असेल, किंवा पुठ्ठ्यावर डाग दिसला, तर गाडी त्याच दिवशी परत न्या आणि नवे जॉबकार्ड उघडायला लावा. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही. डीलर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

— एक मेकॅनिक, सोलापूर