वजनकाटा थोडे दिवस माळ्यावर ठेवा

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "तीन आठवडे रंकाळ्यावर चालतोय, काटा जागचा हलत नाही, मग पहाटे उठायचं कशाला?" फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पोटातली चरबी नुसती पडून नसते. तिच्या पेशी फुगत गेल्या की त्यांना रक्त पुरत नाही आणि काही मरतात. त्या उचलायला मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी येतात. काम संपतच नाही, मग त्या तिथंच ठाण मांडतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात. ताप नाही, दुखणं नाही, पण आत आग धुमसत राहते. रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारं प्रथिन, किंचित वाढलेला असतो, त्यामागं बरेचदा हेच कारण असतं. त्यानं इन्सुलिनचं काम बिघडतं, आणि खऱ्या जंतूशी लढताना शरीर कमी पडतं. लठ्ठ माणसांत फ्लूच्या लशीनं आलेल्या अँटीबॉडी वर्षभरात जास्त ओसरतात, असंही दिसलं आहे.

चालताना पायांचे स्नायू आयएल-६ नावाचं, पेशींना निरोप पोचवणारं प्रथिन सोडतात. चरबीतून हाच पदार्थ दिवसभर झिरपतो तेव्हा तो दाहाच्या बाजूचा असतो. स्नायूंतून मात्र तो थोडा वेळ उसळतो आणि उतरतो. त्याच्या पाठोपाठ आयएल-१० सारखे दाह शमवणारे पदार्थ वाढतात. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पोट सुटलेल्या लोकांकडून १२ आठवडे सायकल मारून घेतली. त्यांची पोटातली चरबी घटली. ज्यांच्यात आयएल-६ चा परिणाम औषधानं अडवला होता, त्यांची घटली नाही. बाबा, वजन तेवढंच राहूनही ही आतली चरबी कमी होऊ शकते. तुमच्या काट्याला ते कळत नाही.

म्हणून टेप घ्या. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या बरोबर मधे, श्वास सोडून मोजा. आपल्याकडं पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही हद्द धरतात. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी मोजलं की पुरे.

आता चालण्याबद्दल. वीस मिनिटं रमतगमत फिरून अर्धा तास कट्ट्यावर गप्पा, यात स्नायूंना जाग येत नाही. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. नाडी मोजत बसू नका. तुमच्या मेटोप्रोलॉलमुळं (नाडी मंदावणारी गोळी) ती मुळातच हळू राहते. पहिली पाच मिनिटं सावकाश, मग वीस मिनिटं झपझप, शेवटची पाच पुन्हा सावकाश. दर आठवड्याला मधलं झपझप चालणं पाच मिनिटांनी वाढवा. आठवड्याला एकूण १५० मिनिटं झपझप चालणं झालं पाहिजे. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, कारण इन्सुलिनवर होणारा फायदा दोन-तीन दिवसांत उतरतो. आठवडाभर बसून रविवारी एकदम ज्योतिबा चढायचा, हे तर नकोच. गुडघा धरला की महिनाभर सगळं बंद पडतं.

आई, तुझ्या गुडघ्यांना सपाट रस्ताच बरा, जिना नको. एका दमात जमत नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटं तीनदा चाल. पावसाळ्यात घरातल्या घरात, हात हलवत, जागच्या जागी पावलं टाकलीस तरी चालेल.

कोल्हापुरी चप्पल घालून दोघंही चालू नका. तळ कडक, टाच मोकळी, आणि बाबा, शुगरमुळं तुमच्या तळव्यांना फोड आलेला कळणारही नाही. बूट-मोजे घाला, घरी आल्यावर तळवे बघा. शुगरची गोळी ग्लिमेपिराइड चालू असल्यानं शुगर फार उतरू शकते, म्हणून खिशात साखर ठेवा. आणि परतताना मिसळ, वर जादा कट आणि तीन पाव, हे रोजचं नको. महिन्यातून एकदा खुशाल खा.

ताप असेल त्या दिवशी विश्रांती. चालताना छातीत दाब आला, किंवा दम लागून बोलता येईना, तर तिथंच थांबा, रिक्षा करा आणि थेट दवाखाना गाठा. आधी घरी जाऊ नका.

वेग वाढवण्याआधी गोळ्यांच्या वेळांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि रविवारी दोघांच्या कमरेचा आकडा मला कळवा.

तुमची,
लेक