एनसीच्या वहीतल्या चोऱ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्ष सरले की ग्रामीण भागातले गुन्हे इतके घटले, इतके उघडकीस आले, अशी जिल्हा पोलिसांची आकडेवारी वर्तमानपत्रांत येते. ती खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. पण आमच्या शिवारातल्या चोऱ्या त्या आकड्यांत असतात का, अशी शंका मला मागच्या रब्बीपासून येऊ लागली आहे.

गहू पोटरीत असताना विहिरीवरची मोटारीची केबल रात्रीतून कापून नेली. चोर वरचे प्लास्टिक जाळतो आणि आतले तांबे भंगारात किलोवर विकतो. सकाळी वीस किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी नीट बसवून घेतले, चहासुद्धा सांगितला. मग विचारले, "किंमत किती?" मी खरे ते सांगितले, साडेचार हजार. झाले, एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद! आणखी पाचशे रुपये वाढवून सांगितले असते तर गुन्हा दाखल झाला असता, हे मला नंतर वकिलाकडून कळले. खरे बोलण्याची एवढी किंमत कधी मोजली नव्हती.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यानुसार पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरते, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. माल किंवा त्याची किंमत परत केली आणि पहिलाच अपराध असला, तर चोराला समाजसेवेची शिक्षा होते. त्यामागचा विचार समजू शकतो, किरकोळ चोरीसाठी कोणाला तुरुंगात कशाला धाडायचे? पण केबलची किंमत तांब्यावरून ठरवली, गव्हावरून नाही. नवी केबल येईपर्यंत आठ दिवस पाणी चुकले आणि दाणा बारीक राहिला. तो तोटा पंचनाम्यात कुठे लिहिणार? मुळात पंचनामाच झाला नाही.

अंमलदारांना दोष द्यावा असे मात्र वाटत नाही. ते म्हणाले, "काका, आज ठाण्यात आम्ही तिघेच आहोत. एक वायरलेसवर, एक मुद्देमालाला, मी इथे." बाकीचे कोणी बंदोबस्ताला, कोणी कैद्यांची ने-आण करायला, कोणी कोर्टात, कोणी समन्स-वॉरंट बजावायला. आमचे बीट अंमलदार चौथ्या दिवशी आले, तेही स्वतःच्या मोटारसायकलवर. वीसेक गावांचे बीट आणि त्यातला निम्मा महिना दुसऱ्याच गावच्या सभेच्या नाहीतर मिरवणुकीच्या बंदोबस्तात. पदे किती मंजूर आहेत हे सगळे सांगतात; आज रात्री गस्तीला किती जण निघणार, हे विचारले की उत्तर मिळत नाही.

तपासाचे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 2006 सालीच सांगितले आहे. पण त्याची सुरुवात दहा लाख वस्तीच्या शहरांपासून करायची आणि मग हळूहळू लहान शहरांकडे यायचे होते. खेड्यांचा नंबर त्या रांगेत कितवा, हे ज्याने त्याने ओळखावे.

आता खरी मेख. माणसे, गाड्या आणि पैसा मागताना जिल्ह्यात गुन्ह्यांचा आकडा दाखवावा लागतो. आमच्या केबली, ठिबकच्या नळ्या, स्टार्टर एनसीच्या वहीत पडून राहतात. त्यामुळे आमचे ठाणे कागदावर शांत दिसते, आणि शांत ठाण्याला जादा माणूस कोण देणार? माणूस नाही म्हणून गस्त नाही, गस्त नाही म्हणून चोऱ्या. शिवाय शेतीची वीज पाळीने रात्री येते, तेव्हा आम्ही शेतात असतो आणि दिवसा वीज असेल त्या रात्री शिवार मोकळे. हे वेळापत्रक चोरालाही पाठ आहे.

अशा अदखलपात्र नोंदींचा अहवाल पोलिसांनी दर पंधरा दिवसांनी मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा, असे नव्या कायद्यातच आहे. म्हणजे यादी तयार असली पाहिजे. मग वर्षाच्या आकडेवारीत शेतीच्या साहित्याच्या चोऱ्या ठाणेनिहाय वेगळ्या का छापू नयेत? एकाच शिवारात महिन्यात पाच-सहा केबली गेल्या असतील, तर पोलिसांनी स्वतःहून मॅजिस्ट्रेटकडे तपासाची परवानगी मागावी. भंगारात जळकी तार कोण आणून देतो, एवढे विचारले तरी निम्मा तपास होईल.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना गाड्या मिळतात, त्यांना हिरवा झेंडा दाखवल्याचे फोटोही येतात. त्या गाडीच्या डिझेलची आणि रात्रीच्या चालकाची तरतूद किती, हेही त्याच बातमीत यावे. आमच्या गावात पोलीस पाटलाची जागाही रिकामी आहे. ग्राम पोलीस अधिनियम 1967 सालचा. गावातली खबर ठाण्यापर्यंत नेण्याची ती सर्वात स्वस्त सोय. मानधन वाढले हे चांगलेच झाले, पण रिकाम्या खुर्चीला मानधन वाढून काय उपयोग!

नवी केबल घेतली आहे. पाणी देऊन झाले की सोडवतो आणि खांद्यावर टाकून घरी आणतो. संध्याकाळी गल्लीतून चाललात तर बऱ्याच ओट्यांवर अशी काळी वेटोळी पडलेली दिसतील.

— एक शेतकरी वाचक