काळा पक्षी आणि तुझी शंका

नेरुळ, नवी मुंबई
सप्टेंबर

प्रिय सुहास,

परवा फोनवर मी जुआनिन्स पेट्रेल हा दुर्मीळ समुद्रपक्षी पाहिल्याचं सांगितलं, तर तू खवचटपणे म्हणालास, "काळा पक्षी, हलती बोट, उसळतं पाणी. ओळखलास की बारसं केलंस?" आजूबाजूला माणसं होती म्हणून नीट भांडता आलं नाही. आता घे.

नारळी पौर्णिमेनंतर दिवाळे गावच्या होड्या पुन्हा खोल पाण्यात जायला लागल्या. ओळखीच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, मला सोबत घेतलं. ऐरोलीहून खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघणं वेगळं. ते चिखलात उभे राहून निवांत फोटो काढू देतात. इथे घारापुरी गेलं, खांदेरीचं दीपगृह मागे पडलं आणि मग दुर्बिणीत एकदा आभाळ, एकदा डिझेलचं पिंप.

आधी दिसले विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. ते सोपे. चिमणीहून जरासे मोठे, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, पाय पाण्यावर टेकवत नाचल्यासारखे चालतात. वीण थेट अंटार्क्टिकाकडे, आणि उनाडायला आपल्याकडे!

तेवढ्यात तांडेलच म्हणाला, "तो काला बगा, त्याची चाल येगली हाय." खरंच वेगळी होती. वाऱ्यावर सरसर वर चढायचा, अंग तिरकं करून खाली घसरायचा, लाटेला लागतोय म्हणेपर्यंत परत वर. पंख लांब आणि निमुळते, शेपूटही लांबट. वरूनखालून सगळा काळपट तपकिरी.

तू म्हणशील फ्लेश-फूटेड शियरवॉटर, तोही काळपट समुद्रपक्षीच. माझ्याही मनात आधी तोच आला. पण समुद्रावर आकाराचा अंदाज लागत नाही, शेजारी मोजायला काही नसतं. इथे नशिबाने एक ब्रायडल्ड टर्न (सुरय पक्षी) त्याच्या बाजूने गेला आणि दोघांचे पंख जवळजवळ सारखे भरले, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास. शियरवॉटर मीटरभराचा, अंगाने भरलेला, उडतो जड, आणि चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. याची चोच आखूड, जाड, काळीकुट्ट. स्विनहोज स्टॉर्म पेट्रेल म्हणावा तर तो फारच लहान, वर शेपटीला खाच.

उरला जुआनिन्स पेट्रेल. १९५५ साली शास्त्राने त्याला नाव दिलं, पण तो अंडी कुठे घालतो हे पुढची कित्येक दशकं कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी येमेनच्या सोकोत्रा बेटाच्या कड्यांत घरटी सापडली. म्हणजे आपल्याच अरबी समुद्राचा रहिवासी, पण आपल्या किनाऱ्यावरून दिसणं दुर्मीळ. रंगावर भिस्त ठेवली असती तर मीही गप्प बसलो असतो. निकाल लावला तो चालीने आणि त्या टर्नने.

फोटो सोबत पाठवतोय. गचाळ आहे, पण मोठा करून चोच बघ. शियरवॉटर वाटला तर कारणासकट लिही, नुसतं "वाटतं" चालणार नाही. पुढच्या खेपेला तूही चल. रिकाम्या पोटी मात्र बोटीवर चढू नकोस, मी चढलो होतो आणि अर्धा समुद्र कठड्याला धरून पाहिला.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंदार