तीनशे रुपये २०१२पासून तेवढेच

महोदय,

दिव्यांगांच्या धोरणाचा विषय निघाला की कोणत्या सरकारने जास्त केले यावरच वाद होतो. माझे थोरले बंधू लहानपणी झालेल्या पोलिओमुळे उजव्या पायाने अधू आहेत. त्यांच्या कागदांच्या पिशवीत तीन दाखले आहेत. पहिला हाताने लिहिलेला, घडीवर फाटलेला, त्यावर 'अपंग'. दुसरा संगणकावरचा. तिसरे प्लास्टिकचे कार्ड, त्यावर 'दिव्यांग'. तिन्ही वेळा आम्ही जतहून पहाटेची एसटी धरून तपासणीला गेलो आणि तिन्ही वेळा तोच पाय टेपने मोजला गेला. पहिल्याच दाखल्यावर 'कायमस्वरूपी' असे लिहिलेले आहे. पोलिओने वाळलेला पाय पन्नाशीत भरून येतो का?

कायदा मात्र सरकार बदलले तरी अडला नाही, हे मान्य करावे लागेल. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नवे विधेयक फेब्रुवारी २०१४मध्ये मनमोहन सिंग सरकारने राज्यसभेत मांडले, ते डिसेंबर २०१६मध्ये मोदी सरकारच्या काळात मंजूर झाले. प्रकार २१ झाले, सरकारी नोकरीतले आरक्षण ३वरून ४ टक्के झाले. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराची मुले पहिल्यांदाच या कायद्यात आली.

पैशाचे तसे झाले नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९मध्ये सुरू झाली. २०१२मध्ये केंद्राचा दरमहाचा वाटा २००चा ३०० रुपये झाला आणि तिथेच थांबला. त्यानंतर सरकार बदलले, 'दिव्यांग' शब्द आला, सार्वजनिक जागा दिव्यांगांना सोयीच्या करण्याचे सुगम्य भारत अभियान आले. गॅसची टाकी आणि तांदूळ मात्र २०१२च्या भावात कोणी देत नाही. शिवाय अट दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाची आणि ८० टक्के अपंगत्वाची. संसदेनेच केलेला २०१६चा कायदा आरक्षणासाठी ४० टक्के पुरेसे मानतो. बंधूंचे अपंगत्व ६० टक्के, म्हणून केंद्राचे हे तीनशेही त्यांना नाहीत. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेवर त्यांचे भागते. ते पैसे दोन महिने अडकले की किराणा दुकानातली उधारी वाढत जाते, आणि दुकानदारासमोर उभे राहताना त्यांची मान खाली जाते. मला ते बघवत नाही.

आपल्या खासदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, ही रक्कम वाढवण्याची आणि ८०ची अट ४०वर आणण्याची मागणी संसदेत लावून धरावी. आणि उद्या चौथे कार्ड आलेच, तर ते बंधूंना पाय न मोजता मिळावे.

– एक वाचक, जत (जि. सांगली)