दार्जिलिंगच्या अनोळखी मंडळींना, इंदूरहून

नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून हे लिहितेय.

पद्मजा नायडू हिमालयन प्राणिउद्यान गुरुवारी बंद असतं, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. चूक आमचीच. समोरच्या चहावाल्या दीदींनी आत बसवलं आणि आईचे कान गार पडलेले बघून स्वतःचा मफलर गुंडाळला. इंदूरच्या माणसाला सात हजार फुटांवरची थंडी काय ठाऊक!

शुक्रवारी परत गेलो. आतला रस्ता सगळा चढाचा, त्यात आईचे गुडघे. कॉलेजातल्या दोन मुलांनी हाताला धरून, थांबत थांबत तिला वर नेलं, आपला ग्रुप पुढे गेला तरी.

आणि ते खाकी स्वेटरवाले दादा. रेड पांडा आम्हाला दिसतच नव्हता. फांदीवर शेपटीचं पांघरूण घेऊन झोपलेला त्यांनी दाखवला. आई म्हणाली, "अगं बाई, हे तर मांजर!" ते हसले, पण मग निवांत सांगत बसले: इथे मुख्यतः हिमालयातले प्राणी जपतात, रेड पांडा, हिमबिबट्या यांची पैदास करतात, आणि २००३ मध्ये इथल्या दोन पांडा माद्या सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या होत्या. आम्ही दिलेली रतलामी शेव त्यांनी घेतली, वर बजावलं, पिंजऱ्याजवळ पुडा उघडायचा नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. दीदींचा मफलर मात्र आमच्याबरोबर इंदूरला आलाय. ओळखीचं कुणी तिकडे जाणार असेल तर कळवा.