खिडकीतल्या नांद्रुकाची हकीकत

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या दोन महिन्यांत फोनवर तुम्ही तीन वेळा विचारलेत, "झाड कसे आहे?" आणि मी तिन्ही वेळा "बरे आहे" असेच सांगितले. ते खरे नव्हते. तुमचे नांद्रुकाचे बोन्साय मरणाच्या दारात जाऊन आले आहे, आणि त्याला तिथवर नेणारी मीच. आता त्याला नवे अंकुर फुटले आहेत, म्हणून सगळे क्रमाने लिहिण्याचा धीर होतो आहे. शिवाय एका फांदीबद्दल तुमचा निर्णय हवा आहे. तो शेवटी विचारते.

हात थरथरतात, फांद्यांना वळण देणारी तार गुंडाळता येत नाही, म्हणून तुम्ही ते माझ्या स्वाधीन केलेत, तेव्हा आई म्हणाली होती, "त्याची जागा एकदाच ठरव आणि मग हलवू नकोस." मी ते कानाआड केले. फायकसच्या, म्हणजे वड-पिंपळाच्या जातीचे झाड जागा बदलली की रुसते आणि पाने टाकते हे मला माहीत नव्हते. तुमच्याकडे ते खिडकीला लागून असे. मी ते शोभेसाठी पुस्तकांच्या मांडणीवर, खिडकीपासून दोन मीटर आत ठेवले. आपल्या डोळ्यांना तिथे भरपूर उजेड वाटतो, पण झाडाच्या लेखी तो संध्याकाळसारखाच. आठवड्याभरात पाने पिवळी पडून गळू लागली. मला वाटले, तहानले असेल. म्हणून रोज सकाळी न चुकता पाणी घालू लागले, खालच्या ताटलीत पाणी साचू दिले आणि वर थोडे खतही दिले.

चूक कुठे होती हे कळायला मला महिना लागला. उजेड कमी झाला की पानांचे काम मंदावते, झाड पाणी कमी ओढते, माती ओलीच राहते, आणि सतत ओल्या मातीत हवा न मिळाल्यामुळे मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत, त्यामुळे पाण्यात उभे असूनही झाड अगदी तहानेने व्याकूळ झाल्यासारखे मान टाकते. आणि ते पाहून माझ्यासारखा माणूस आणखी पाणी घालतो. खताने तर अधिकच हाल केले असणार, कारण दुखऱ्या मुळांना ते पोसत नाही, पोळते.

एका रविवारी अकराच पाने उरली. ते मेले असेच धरून मी खोडावर नखाने किंचित ओरखडा काढला. सालीखाली हिरवे दिसले आणि चीक आला. त्या पांढऱ्या थेंबाचा मला जो आनंद झाला, तो सांगून खरा वाटणार नाही.

मग झाड कुंडीतून काढले. माती बारीक होऊन चिखलासारखी बसली होती आणि तिला गटारासारखा वास येत होता. बरीच मुळे तपकिरी, लिबलिबीत झाली होती. चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. फिकट आणि कडक अशी मुळे जेमतेम तिसरा हिस्सा होती. कात्री स्पिरिटने पुसून मी फक्त कुजलेले तेवढे कापले, चांगल्याला हात लावला नाही. जुन्या मातीऐवजी प्युमिस या हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे आणि लाव्हा दगडाचे तीन ते पाच मिलिमीटरचे खडे, चाळून धूळ काढून, भरले. झाड तारेने कुंडीला घट्ट बांधले, कारण ते हलत राहिले तर कोवळी मुळे फुटतात तशी तुटतात. पानांभोवती दमटपणा टिकावा म्हणून झाडावर भोके पाडलेली प्लास्टिकची पिशवी घातली. ते आता खिडकीशी आहे. पिशवी होती तोवर मात्र थेट उन्हात ठेवले नाही, नाहीतर आत वाफेने शिजलेच असते.

बाबा, पाणी घातल्यावर तुम्ही कुंडीच्या एका कडेखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती तिरकी करून ठेवायचात, आणि मी त्याला तुमची लहर समजायचे. त्याचे कारण आता उमगले. निथळून झाल्यावरही तळाशी पाण्याचा एक थर मातीत अडकून राहतो, आणि त्याची उंची कुंडी खोल असो वा उथळ, जवळपास तेवढीच असते. म्हणजे बोन्सायच्या उथळ तबकात मुळांच्या वाट्याला ओल फार मोठी येते. मी स्पंजवर करून पाहिले. भिजवलेला स्पंज आडवा धरला, ठिबकणे थांबले. तोच उभा केला, तर पुन्हा धार लागली. तुमच्या लाकडाच्या तुकड्याचे काम तेच. हे तुम्ही मला कधी समजावून का सांगितले नाहीत, अशी थोडी तक्रार आहे; पण मी विचारले तरी कुठे होते?

आता घड्याळ पाहून पाणी घालत नाही. बांबूची एक काडी कुंडीतल्या खड्यांत खोचून ठेवली आहे. ती काढून पाहते, ओलसर गडद दिसली तर त्या दिवशी पाणी नाही, कोरडी होत आली असेल तर तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत भरपूर. खत पूर्ण बंद आहे. पानांवर पाणी फवारण्याची आईची सवय मी सोडली आहे. फवाऱ्याचा दमटपणा काही मिनिटांत उडून जातो. मात्र दर आठवड्याला ओल्या फडक्याने पाने पुसण्याची तिची पद्धत चालू ठेवली आहे, आणि तिच्यामुळेच पिशवी काढल्यावर आलेली कोळीकीड वेळेवर सापडली. पानाखाली पांढरा कागद धरून झटकले, तर त्यावर ठिपके चालू लागले. दर तीन-चार दिवसांनी पानांची खालची बाजू पाण्याने धुतली, आता ती गेली आहे.

चौतीस दिवस काहीच घडले नाही. पस्तिसाव्या दिवशी शेंड्याजवळ एक टोकदार अंकुर दिसला आणि आता सात आहेत. त्यांतले दोन तर जुन्या खोडावर, पारंबीच्या अगदी वर आले आहेत.

आता प्रश्न. डावीकडची खालची फांदी, जिच्यावर तुमच्या तारेचा वळ अजून आहे, ती टोकाकडून वाळली आहे. ओरखडून पाहिले: बाहेरचा चार बोटे भाग तपकिरी, बुंध्याकडे हिरवट, पण चीक येत नाही. वाळलेले लाकूड तसेच शोभेला ठेवावे, तर नांद्रुकाचे लाकूड मऊ, ते कुजेल. मला वाटते, हिरव्या भागावर डोळा फुटतो का ते दोन महिने पाहावे. पण त्या फांदीवाचून झाडाचा तोल कसा दिसेल हे तुम्हालाच कळेल. सोबत चार फोटो ठेवले आहेत, मागे क्रमांक घातले आहेत. तिसऱ्यावर पेन्सिलीने कापायची जागा दाखवून परत पाठवा. तुमचे उत्तर येईपर्यंत मी कात्रीला हात लावणार नाही.

तुमची,
धाकटी